थायरॉईडच्या रक्ततपासणीचा अर्थ

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती हे गाव प्राचीन आहे. विजासनची लेणी, भद्रनागाचे मंदिर आणि जैन तीर्थक्षेत्र ही त्याची एक ओळख, तर आयुधनिर्माणी व परिसरातील कोळसा खाणी ही दुसरी. खाणकामगार, कास्तकार आणि वनालगतच्या खेड्यांतील आदिवासी बांधव असे सर्वच थरांतील लोक येथील ग्रामीण रुग्णालयात येतात. परतताना यांपैकी अनेकांच्या हाती आता रक्ततपासणीचा छापील अहवाल असतो. अहवाल बहुधा इंग्रजीत असतो, त्यात दशांश चिन्हांचे आकडे असतात आणि एखादा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. गावी पोहोचल्यावर तो कागद प्रथम दाखविला जातो तो शाळेतील गुरुजींना किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. “यात काय लिहिले आहे, जरा सांगता का?” हा प्रश्न मग शिक्षकांना व पंचायत सदस्यांना टाळता येत नाही.

थायरॉईडच्या तपासणीबाबत तर हा प्रश्न विशेष नाजूक असतो. ठळक आकडा पाहून घाबरून जाणे ही एक चूक आणि सर्व आकडे मर्यादेत आहेत म्हणून निश्चिंत होणे ही दुसरी. पहिल्या चुकीने विनाकारण औषध सुरू होते. दुसरीने एखाद्या मातेचे आरोग्य वा एखाद्या बालकाची बुद्धी कायमची हिरावली जाऊ शकते. अहवालाचा अंतिम अर्थ लावणे हे डॉक्टरांचेच काम आहे. तथापि कागदावरील आकडा कोणता प्रश्न उपस्थित करतो आणि डॉक्टरांना काय सांगणे अगत्याचे आहे, एवढे समजून घेणे कोणाही सुशिक्षित नागरिकास अवघड नाही.

ग्रंथीचे कार्य आणि स्मरणपत्रे

अवटू ग्रंथी म्हणजेच थायरॉईड ही गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असलेली फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी. आहारातून मिळणारे आयोडीन वापरून ती दोन संप्रेरके तयार करते. ज्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात ते टी-४ आणि ज्यात तीन असतात ते टी-३. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कामाची गती ही संप्रेरके ठरवितात. हृदयाचे ठोके, पचन, शरीराची ऊब, मासिक पाळी, बालकाची वाढ व मेंदूचा विकास हे सारे त्यांवर अवलंबून असते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची देखरेख असते. शासकीय कामकाजाची माहिती असलेल्या वाचकांना ही व्यवस्था चटकन उमगेल. पोष ग्रंथी हे वरिष्ठ कार्यालय आणि थायरॉईड हे त्याच्या अधीन असलेले कार्यालय असे समजावे. वरिष्ठ कार्यालयातून जी स्मरणपत्रे निघतात त्यांचे नाव टीएसएच. खालून काम वेळेवर व पुरेसे येत असेल तर मोजकीच पत्रे जातात. काम मागे पडू लागले की स्मरणपत्रांचा ओघ वाढतो आणि काम गरजेपेक्षा अधिक येऊ लागले की पत्रे बंद होतात. यास्तव थायरॉईड मंद झाली तर टीएसएचचा आकडा वाढतो आणि ती अतिरेकी काम करू लागली तर तो घटतो. हा उलटा संबंध ध्यानी घेतला नाही म्हणजे “टीएसएच वाढला, म्हणजे थायरॉईड वाढली” असा चुकीचा अर्थ लावला जातो.

ही देखरेख विलक्षण जागरूक असते. टी-४ मध्ये थोडीशी घट झाली तरी टीएसएच अनेकपटींनी वाढतो. म्हणूनच प्राथमिक तपासणीसाठी टीएसएचची निवड केली जाते. रक्तातील इतक्या सूक्ष्म प्रमाणातील द्रव्यांचे मापन शक्य झाले ते किरणोत्सारी द्रव्यांचा वापर करणाऱ्या एका पद्धतीमुळे. ती शोधणाऱ्या रोझलिन यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या राज्यात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मुंबईतील परळ येथील विकिरण वैद्यक केंद्राने १९६३ पासून थायरॉईडच्या रोगनिदानाचे व उपचारांचे मोलाचे कार्य केले आहे. आज प्रयोगशाळांतील स्वयंचलित यंत्रे हेच मापन किरणोत्सारी द्रव्यांवाचून काही तासांत करतात.

अहवालातील आकडे

अहवालात सामान्यतः तीन रकाने असतात : रुग्णाचा आकडा, त्याचे एकक आणि संदर्भ-मर्यादा. प्रौढ व्यक्तीमध्ये टीएसएचची मर्यादा साधारणतः ०.४ ते ४ मिलि-एकके प्रति लिटर एवढी धरली जाते. काही प्रयोगशाळा हेच प्रमाण ‘मायक्रो-एकके प्रति मिलिलिटर’ असे लिहितात; दोहोंतील आकडा एकच असतो. टी-४ चा बराच मोठा भाग रक्तातील प्रथिनांना जखडलेला असतो आणि अत्यल्प भाग मोकळा असतो. पेशींच्या उपयोगी पडतो तो हा मोकळा भाग. त्याची मर्यादा साधारणतः ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. मात्र काही अहवालांत ती पिकोमोलमध्ये दिलेली असते आणि तेव्हा आकडा जवळजवळ १३ पटींनी मोठा दिसतो. एका प्रयोगशाळेतील १.२ आणि दुसरीतील १५.४ ही एकाच अवस्थेची दोन रूपे असू शकतात. एकक न पाहता दोन अहवालांची तुलना करणे म्हणजे एकरातील जमीन हेक्टरातील जमिनीशी ताडून पाहण्यासारखे आहे.

संदर्भ-मर्यादा म्हणजे तरी काय? बहुतेक निरोगी माणसांची तपासणी करून मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या टप्प्यात पडतात, तो टप्पा म्हणजे मर्यादा. अर्थात १०० निरोगी माणसांपैकी सुमारे ५ जणांचा आकडा कोणताही आजार नसताना या रेषांच्या बाहेर पडतो. शिवाय यंत्र व पद्धत बदलली की मर्यादाही थोडी बदलते. म्हणून आकड्याची तुलना त्याच अहवालावर छापलेल्या मर्यादेशी करावी आणि पुढील तपासण्या शक्यतो त्याच प्रयोगशाळेत कराव्यात.

आकड्यांची जोडी

एकटा आकडा फार थोडे सांगतो. टीएसएच आणि मोकळा टी-४ यांची जोडी एकत्र वाचली म्हणजे चित्र स्पष्ट होते.

पहिली जोडी : टीएसएच वाढलेला, टी-४ घटलेला. ग्रंथी मंद झाल्याचे हे उघड लक्षण होय. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, पाळीत अधिक रक्तस्राव अशी लक्षणे बहुधा सोबत असतात. येथे उपचार आवश्यक असतो.

दुसरी जोडी : टीएसएच थोडा वाढलेला, टी-४ मर्यादेत. सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. वरिष्ठ कार्यालयाने अधिक स्मरणपत्रे धाडून काम वेळेवर करून घेतले आहे, एवढाच त्याचा अर्थ. आकडा ४ ते १० च्या दरम्यान असेल तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात, कारण यांतील कित्येकांचा टीएसएच आपोआप पूर्वपदावर येतो. शरीर आपल्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करीत आहे काय, हे ‘अँटी-टीपीओ’ या तपासणीने कळते. ती प्रतिद्रव्ये आढळल्यास आजार पुढे वाढण्याची शक्यता अधिक असते. वृद्धांमध्ये आकडा किंचित अधिक असणे स्वाभाविक असते. टीएसएच १० पेक्षा अधिक राहिला, तर मात्र बहुधा औषधाचा निर्णय घेतला जातो.

तिसरी जोडी : टीएसएच अत्यंत कमी, टी-४ किंवा टी-३ वाढलेला. ग्रंथी अतिरेकी काम करीत असावी. छातीत धडधड, हाताला कंप, भूक असूनही वजन घटणे, घाम, चिडचिड ही तिची लक्षणे. उष्णता सहन न होणे हेही एक लक्षण आहे. परंतु ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथे मे महिन्यात त्याकडे कोण लक्ष देणार? म्हणून येथे धडधड व घटते वजन यांकडे विशेष ध्यान दिले पाहिजे.

चौथी जोडी : टी-४ घटलेला, पण टीएसएच मर्यादेत किंवा कमी. ही जोडी क्वचित आढळते, परंतु सर्वांत फसवी आहे. वरिष्ठ कार्यालयच बंद पडले तर स्मरणपत्रे कोण पाठविणार? प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाला तर पोष ग्रंथीला इजा पोहोचू शकते. त्यानंतर अंगावर दूध न येणे, पाळी परत सुरू न होणे, वर्षानुवर्षे अशक्तपणा राहणे अशा खुणा दिसतात. अशा स्त्रीचा केवळ टीएसएच तपासला तर अहवाल निर्दोष येतो आणि “तुम्हाला काही झालेले नाही” असे सांगून तिची बोळवण होते. शिवाय अशा रुग्णात अधिवृक्क ग्रंथीच्या स्रावाचीही उणीव असू शकते आणि ती भरून काढण्यापूर्वी थायरॉईडची गोळी देणे धोक्याचे ठरते. म्हणून जुन्या बाळंतपणातील रक्तस्रावाची हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगितली पाहिजे.

आकडा केव्हा फसवितो

तीव्र आजारात शरीर आपला खर्च आवरते. टी-३ घटतो, टीएसएच तात्पुरता कमी-जास्त होतो आणि बरे झाल्यावर सारे पूर्ववत होते. हिवताप वा अन्य ज्वराने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची तपासणी तातडीचे कारण असल्याखेरीज करू नये. केल्यास काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी. हिवतापाचा प्रादुर्भाव असलेल्या गडचिरोली व लगतच्या वनप्रदेशात ही खबरदारी महत्त्वाची आहे.

टीएसएच रात्री अधिक व दुपारी कमी असतो. यास्तव दोन तपासण्या शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी कराव्यात. केसांसाठी वा नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिन या जीवनसत्त्वामुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो. संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे व गरोदरपणात एकूण टी-४ वाढलेला दिसतो. हृदयाच्या व मानसिक आजारांवरील काही औषधे तर ग्रंथीच्या कार्यावरच परिणाम करतात. रुग्ण कोणती औषधे घेतो याची यादी, शक्य तर गोळ्यांची पाकिटेच, डॉक्टरांसमोर ठेवणे हा यावर उत्तम उपाय होय.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती अधिक खरी आहे. थकवा हे थायरॉईडचे लक्षण असले तरी चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत थकव्याची इतर कारणे मुबलक आहेत. रक्तक्षय, सिकलसेल, हिवताप, क्षयरोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियानाचा प्रारंभ झाला, यावरून त्या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. टीएसएच ५.५ आणि हिमोग्लोबिन ७ असलेल्या स्त्रीचा थकवा थायरॉईडच्या माथी मारला, तर खरा आजार तसाच राहतो. अहवालाच्या एकाच ओळीवर बोट न ठेवता संपूर्ण पान वाचावे ते याचसाठी.

माता आणि बालक

गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी कार्यक्षम नसते. त्याच्या मेंदूची जडणघडण मातेच्या संप्रेरकावर चालते. म्हणून गर्भवतीसाठी टीएसएचची मर्यादा निराळी असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या तिमाहीत २.५ व त्यानंतर ३ ही वरची मर्यादा धरली आहे. त्यानंतर काही तज्ज्ञांनी ती ४ च्या आसपास असावी असे मत मांडले आहे. निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. परंतु अहवालावर सर्वसामान्य प्रौढाची मर्यादा छापलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून गरोदर असल्याचे प्रथमच सांगावे. जी स्त्री आधीपासून थायरॉईडची गोळी घेते, तिने दिवस राहिल्याचे कळताच तपासणीसाठी जावे. अशा वेळी औषधाची मात्रा बहुधा वाढवावी लागते. “गरोदरपणात औषध नको” अशा समजुतीने गोळी बंद करणे बाळास घातक ठरते.

काही बालके जन्मतःच थायरॉईडच्या उणिवेसह येतात. जन्माच्या वेळी ती निरोगी दिसतात. पुढे कावीळ लांबते, बाळ नीट दूध ओढत नाही, शौचास होत नाही, रडणे घोगरे व क्षीण असते. घरातील मंडळी मात्र “बाळ मोठे गुणी, रडतच नाही” म्हणून कौतुक करतात. जन्मानंतर पहिल्या दिवशी टीएसएच स्वाभाविकपणेच उसळलेला असतो. म्हणून साधारणतः ४८ तासांनंतर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी केली जाते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बालकाची बुद्धी इतरांसारखीच वाढते. काही महिन्यांचा विलंब झाला, तर झालेली हानी पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. रक्ताचे चार थेंब आणि रोजची एक स्वस्त गोळी यांवर एका आयुष्याचे भवितव्य अवलंबून असावे, याहून मोठे कारण जागरूकतेसाठी कोणते हवे?

शाळकरी वयातही हा आजार उद्भवू शकतो. उंची खुंटलेली, सुस्त, अभ्यासात अकस्मात मागे पडलेली मुलगी ‘मठ्ठ’ ठरविली जाण्यापूर्वी तिची तपासणी व्हावयास हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत व शाळांत येते, तेव्हा शिक्षकांनी असे विद्यार्थी त्याच्या निदर्शनास आणून द्यावेत.

गोळी घेण्याची रीत

मंद ग्रंथीवरील औषध म्हणजे टी-४ हेच संप्रेरक गोळीच्या रूपात देणे होय. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा वा न्याहारी घेऊ नये. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या तिचे शोषण रोखतात. म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर असावे. गरोदर स्त्रीला तिन्ही गोळ्या दिल्या जातात आणि सोयीसाठी ती त्या एकदमच गिळते. मग मात्रा वाढवूनही टीएसएच उतरत नाही. थायरॉईडची गोळी पहाटे आणि लोहाची गोळी रात्री, एवढ्या साध्या बदलाने अनेकदा काम भागते. गोळ्या तापलेल्या पत्र्याखालील फळीवर न ठेवता घरातील थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात.

टी-४ रक्तात सावकाश मुरते. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच पुढील तपासणी करावी. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी पैशाचा अपव्यय ठरते. तपासणीच्या सकाळी रक्त आधी द्यावे व गोळी नंतर घ्यावी. आणि आकडा मर्यादेत आला म्हणजे आजार संपला असे समजून गोळी बंद करू नये. तो आकडा गोळीमुळेच मर्यादेत आलेला असतो.

मिठाचा प्रश्न

ग्रंथीचा कच्चा माल म्हणजे आयोडीन. प्रौढास रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम व गर्भवतीस २५० मायक्रोग्रॅम एवढेच ते लागते. आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंडाचे प्रमाण घटते, हे सिद्ध झाले. त्यातून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ मध्ये खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा दंडक आहे. आठवडी बाजारातील सुटे खडे मीठ या कसोटीस उतरतेच असे नाही. चांगले मीठही चुलीजवळ उघडे ठेवले तर त्यातील आयोडीन उडून जाते. भद्रावती हे तर मृत्तिकाशिल्पासाठी नावाजलेले गाव. मिठासाठी झाकणाची बरणी येथे दुर्मीळ नाही. मात्र एकदा प्रतिद्रव्यांमुळे ग्रंथी मंद झाली की मीठ हे तिचे औषध नव्हे, हेही ध्यानी ठेवावे.

गावपातळीवर काय करता येईल

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने आपल्या बैठकीत तीन गोष्टी विचारार्थ घ्याव्यात. आशा कार्यकर्तीकडील तपासणी संचाने गावातील दुकानांतील मीठ तपासले जाते काय? आयोडीन असलेल्या मिठावर थेंब टाकताच ते निळे-जांभळे होते. ही चाचणी शाळेच्या वर्गातही करून दाखविता येईल. दुसरे असे की, गावातील प्रत्येक गर्भवतीची पहिल्या तिमाहीत नोंदणी झाली आहे काय आणि थायरॉईडचा पूर्वेतिहास, वारंवार गर्भपात वा गळ्यावरील सूज असलेल्या स्त्रियांची माहिती वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली आहे काय? तिसरी बाब, कोणत्या शासकीय आरोग्यसंस्थेत टीएसएचची तपासणी होते व नवजात बालकाचा नमुना कोठे घेतला जातो, याची माहिती पंचायतीच्या फलकावर लिहिली आहे काय?

आणि कोणी अहवालाचा कागद घेऊन आपल्यापुढे उभे राहिले, तर आकड्यावरून निकाल देऊ नये. एकक व मर्यादा पाहावी. जुना अहवाल असल्यास शेजारी ठेवावा. सध्या ताप आहे काय, दिवस गेले आहेत काय, कोणती औषधे चालू आहेत, मागील बाळंतपणात रक्तस्राव झाला होता काय, हे विचारून त्याच कागदाच्या पाठीमागे मराठीत लिहून द्यावे. तो कागद घेऊन रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे गेला की पुढील बाजूच्या आकड्यांना मागील बाजूच्या चार ओळींमुळे अर्थ प्राप्त होईल. हे काम शिक्षकाला व पंचायत सदस्याला करता येण्यासारखे आहे आणि गावात दुसरे कोणी ते करील अशी शक्यता कमीच.